अडविणे, थांबविणे, रोखणे : नागभीड परिसराच्या आधारे एक अर्थविचार

एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दानेच सांगावा लागतो, ही कोशकाराची जुनी अडचण होय. ‘थांबविणे’ म्हणजे काय, असे विचारावे तर ‘अडविणे, रोखणे’ हे उत्तर मिळते. ‘अडविणे’ म्हणजे काय, असे विचारावे तर ‘थांबविणे, प्रतिबंध करणे’ हे उत्तर मिळते. वाचक निघाला तेथेच परत येतो. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी रचलेला असल्यामुळे त्यात या क्रियापदांची गाठ परभाषेतील दोन-तीन शब्दांशी घालून देणे क्षम्य होते. परंतु मराठीचा अर्थ मराठीत सांगण्याची परंपरा, विशेषतः दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापासून (१९३२–३८), चांगली रुळली आहे. तरीही या शब्दगटाच्या बाबतीत पर्यायांची माळ गुंफण्याची सवय सुटलेली नाही. विद्यापीठीय निबंधांतही ही क्रियापदे ‘समानार्थी, केवळ छटाभेद’ अशा शेऱ्यासह एका ओळीत बसविली जातात. ‘छटाभेद’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा ठरतो. तो उच्चारला की भेद कोणता हे सांगण्याची जबाबदारी संपते.

हा भेद केवळ छटेचा नाही, हे एका वाक्याने दाखविता येते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. या सहा वर्षांसंबंधी कोणी ‘दारू बंद झाली, पण दारू थांबली नाही’ असे म्हटले, तर त्याच्याशी वाद घालता येईल. परंतु त्याचे वाक्य स्वतःशीच विसंगत आहे, असे कोणताही मराठी भाषक म्हणणार नाही. समानार्थी शब्दांच्या बाबतीत हे घडू शकत नाही. ‘पाऊस पडला, पण पर्जन्य पडले नाही’ हे वाक्य निरर्थक आहे. तेव्हा ‘बंद होणे’ आणि ‘थांबणे’ ही दोन वेगळ्या गोष्टींची नावे आहेत, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

या विवेचनासाठी नागभीड आणि त्याच्या भोवतीचा धानाचा व जंगलाचा मुलूख निवडण्यास कारण आहे. या भागात थांबविण्याची क्रिया नाना रूपांनी नित्याच्या व्यवहारात येते. नागभीड हे रेल्वेचे जंक्शन. गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्ग येथून जातो आणि नागपूरहून येणारी अरुंद मार्गाची गाडी येथेच येऊन मिळत असे. भोवती तलाव आणि बोड्या. तालुक्यातच ब्रिटिश अमदानीत बांधलेला घोडाझरीचा मोठा तलाव. त्यापलीकडे वाघाचे जंगल. गाडी, पाणी, आग, जनावर आणि माणूस, या पाचांना ‘थांबविण्यासाठी’ भाषा एकच क्रियापद वापरीत नाही. कोणते क्रियापद कोणाला लागते, हे पाहू लागले की कोशातील पर्यायमालिका आपोआप उसवते. बोलीच्या दृष्टीने हा झाडीबोलीचा प्रदेश होय. तिच्यात ‘ण’च्या जागी ‘न’ येतो व ‘अडवने’, ‘थांबवने’ असा उच्चार होतो. हा फरक ध्वनीचा आहे. अर्थाची जी व्यवस्था पुढे मांडली आहे ती प्रमाण मराठीलाही लागू पडते.

प्रथम ‘थांबणे’ घेऊ. या क्रियापदात दोन अर्थ इतके एकजीव झाले आहेत की त्यांची फोड सहसा लक्षात येत नाही: गती संपणे आणि वाट पाहणे. ‘गाडी थांबली’ यात पहिला अर्थ आहे, ‘मी फाट्यावर थांबतो’ यात दुसरा. ‘थांब!’ या आज्ञेत तर दोन्ही आहेत. पुढे जाऊ नकोस, आणि येथे राहा. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदे लागतात. मराठीत एकच पुरते, कारण मराठीच्या दृष्टीने थांबलेली वस्तू पुन्हा चालू लागण्याची शक्यता स्वतःजवळ बाळगून असते. स्थानकाला ‘थांबा’ म्हणतात ते यामुळेच. थांबा म्हणजे प्रवासातील एक बिंदू. तो प्रवासाचा अंत नव्हे. नागपूर–नागभीड गाडी २०१९ मध्ये मार्गाच्या रुंदीकरणासाठी चालेनाशी झाली, तेव्हा ती ‘बंद झाली’ असेच म्हटले गेले. ‘गाडी थांबली’ म्हटले असते तर ऐकणाऱ्याने कोणत्या स्टेशनावर, असे विचारले असते.

‘थांबविणे’ हे याच ‘थांबणे’चे प्रयोजक रूप. थांबण्याची क्रिया मुळात ज्याची आहे त्याच्याकडून ती करवून घेणे, हा त्याचा गाभा. यास्तव पाहुण्याला ‘थांबविता’ येते, म्हणजे आग्रहाने ठेवून घेता येते. ‘पाहुण्याला अडविले’ म्हटले की आग्रहाचा भांडणाशी संबंध येतो, आणि ‘पाहुण्याला रोखले’ म्हटले की तो पाहुणाच राहत नाही. ‘थांबवून ठेवणे’ या संयुक्त क्रियापदातही गतीच्या निरोधापेक्षा ताटकळत ठेवण्याचाच अर्थ प्रधान होतो.

‘अडणे’ची प्रकृती अगदी निराळी. जो थांबतो तो स्वतः थांबतो. जो अडतो त्याचे काहीतरी दुसऱ्यावाचून अडते. धातुसाधित विशेषणांची कसोटी लावली म्हणजे हे स्पष्ट होते. ‘थांबलेला माणूस’ म्हणजे वाट पाहणारा. ‘अडलेला माणूस’ म्हणजे गरजू, दुसऱ्याच्या कृपेवर अवलंबून असलेला; ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीतला. ‘अडलेली बाळंतीण’ या प्रयोगात तर जीवन-मरणाचा ताण आहे. येथे गती संपलेली नसते. ती आत जोर करीत असते, तिला वाट मिळत नसते. ‘त्याच्यावाचून माझे काही अडत नाही’ या वाक्यात नाकारली जाते ती हीच परावलंबी अवस्था. ‘माझे काही थांबत नाही’ या वाक्याला तो दंश नाही.

‘अडविणे’ हे प्रयोजक या अवस्थेवर उभे आहे, म्हणून अडविण्यात वस्तूची पुढे जाण्याची ओढ कायम राहते. पाण्याचे उदाहरण याबाबत निर्णायक आहे. विदर्भात ‘पाणी’ हा शब्द पावसालाही लागतो, त्यामुळे या भागात दोन्ही क्रियापदे एकाच नामाशी जोडून पाहता येतात. ‘पाणी थांबले’ म्हणजे पाऊस थांबला. ‘पाणी अडले’ किंवा ‘पाणी अडविले’ म्हणजे धुऱ्याशी, बांधाशी, तलावाच्या पाळीशी ते साचले. पहिल्या वाक्यात पाणी येणे सरले, दुसऱ्यात पाणी हाती आले. धान करणाऱ्याला पहिल्याची धास्ती आणि दुसऱ्याची आस. जलसंधारणाच्या प्रसारात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रभर रुजली. तिच्यात ‘थांबवा’ किंवा ‘रोखा’ घालून पाहावे. घोषणा लगेच विद्रूप होते. ‘पाणी रोखा’ म्हटल्यावर पुराची भीती डोळ्यांपुढे येते, पाण्याची गरज येत नाही.

आता ‘रोखणे’. या क्रियापदाचा दुसरा अर्थ समानार्थाच्या चर्चेत फारसा घेतला जात नाही, आणि खरी किल्ली तेथेच आहे. बंदूक रोखतात. नजर रोखतात. बोलण्याचा रोख असतो. या सर्व प्रयोगांत समोरासमोर येण्याचा, नेम धरण्याचा भाव आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन ‘रोखणे’ एक की दोन, हा प्रश्न येथे बाजूला ठेवला तरी चालेल. आजच्या भाषकाच्या मनात ते शेजारी आहेत, आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडते. रोखणारा येणाऱ्याकडे तोंड करून उभा असतो, आणि त्याच्या पाठीमागे राखण्यासारखे काही असते: गाव, पीक, सीमा, घर. अडविणाऱ्याला असे तोंड असण्याची गरज नाही. वादळात कोसळलेले झाडही वाट अडविते. नागभीड–ब्रह्मपुरीच्या जंगलातील रस्त्यावर वाघ बसला तर त्याने ‘वाट अडविली’. तो वाटसरूंना ‘रोखीत’ नसतो, त्याला वाटसरूंशी कर्तव्यही नसते. उलट वाघाला गावात शिरण्यापासून ‘रोखावे’ लागते.

वणव्याचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. पाणी आणि आग ही दोन्ही पुढे सरकणारी द्रव्ये. उन्हाळ्याच्या तोंडी जंगलात जाळरेषा काढतात, ती वणवा ‘रोखते’. ‘जाळरेषेने वणवा अडविला’ हा प्रयोग कानाला खटकतो. कारण उघड आहे. अडविलेले पाणी पाळीमागे उरते; रोखलेली आग उरत नाही, तिला जळायला काही मिळाले नाही की ती मरते. जे निरोधानंतर शिल्लक राहते तेच अडविता येते. ‘अडविणे’ या क्रियापदाचा हा विशेष, म्हणजे शिल्लक राहण्याची अट, कोशातील अर्थनिर्देशात आला पाहिजे.

विरुद्धार्थी शब्दांची कसोटी हेच सांगते. थांबविलेल्याला ‘जाऊ देतात’. रोखलेल्याची ‘वाट मोकळी करतात’. बंद केलेले ‘सुरू करतात’ किंवा ‘उघडतात’, आणि बंदी ‘उठवितात’. अडविलेले मात्र ‘सोडतात’. ‘घोडाझरीचे पाणी सोडले’ हे वाक्य धान पोटरीत असताना एखाद्या गावाचे वर्षभराचे भवितव्य ठरवू शकते. सोडणे हे कोणाकडे तरी सोडणे असते. पाणी सोडा म्हणणारा आपल्या हिश्शाचे पाणी मागत असतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की अडविलेल्या वस्तूवर अडविणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी हक्क चालू असतो. ‘अडवणूक’ हे भाववाचक नाम याच क्रियापदापासून झाले, ‘थांबवणूक’ किंवा ‘रोखणूक’ झाले नाही, याचे कारणही हेच. अडवणूक म्हणजे दुसऱ्याचे जे आहे ते आपल्याजवळ धरून त्याला अडलेला करणे.

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचा इतिहास या अर्थाला सामाजिक पुरावा पुरवितो. हे हजारो तलाव स्थानिक कौशल्यातून बांधले गेले; त्यांत कोहळी समाजाचे नाव आवर्जून घ्यावे लागते. १९५० च्या कायद्याने, चंद्रपूर जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. पाणी अडविणारा बदलला. परंतु ‘पाणी सोडा’ या वाक्याचे व्याकरण बदलले नाही. मालगुजाराला उद्देशून जे म्हटले जाई तेच पुढे अधिकाऱ्याला उद्देशून म्हटले जाऊ लागले. क्रियापद कर्त्याच्या पदाची फिकीर करीत नाही. अडविलेल्या पाण्याचा हिशेब तेवढा मागते.

पाश्चात्य अर्थविचारात या प्रश्नाकडे दोन वाटांनी पाहिले गेले. योस्ट ट्रीअर याने १९३१ मध्ये शब्दक्षेत्राची कल्पना मांडली: एका क्षेत्रातील शब्द एकमेकांच्या सीमा ठरवितात, कोणताही एकटा अर्थवान नसतो. वरील विवेचन तिच्याशी जुळते. लेनर्ड टॅल्मी याने १९८८ च्या निबंधात बलांच्या परस्परक्रियेवरून अशा क्रियापदांची मांडणी केली. एका घटकाची स्वतःची ओढ, दुसऱ्याचा विरोध, कोण वरचढ, आणि विरोध क्षणिक की सतत, या प्रश्नांनी तो अर्थ मोजतो. त्याच्या परिभाषेत सांगायचे तर ‘थांबविणे’त विरोध एका क्षणी कार्य करून मोकळा होतो, ‘अडविणे’त तो सतत चालू असतो. इतके उत्तम. परंतु हक्काची जी गोष्ट वर निघाली ती या मोजपट्टीत सापडत नाही. तिच्यात बल आहे, जोर आहे. पाणी कोणाचे, हा प्रश्न नाही. तयार साचा मराठीवर जसाच्या तसा ठेवून निष्कर्ष काढण्याच्या सध्याच्या रीतीला हे उदाहरण थोडे सावध करील.

येथे एक आक्षेप संभवतो. वृत्तपत्रांत ‘मोर्चा अडविला’, ‘मोर्चा रोखला’, ‘मोर्चा थांबविला’ हे तिन्ही प्रयोग एकाच घटनेसाठी येतात. मग भेद कोठे राहिला? भेद कर्ता बदलून पाहिल्यावर दिसतो. ‘नेत्यांनी मोर्चा थांबविला’ हे वाक्य सरळ आहे. नेते मोर्चाचेच आहेत. ‘नेत्यांनी मोर्चा अडविला’ म्हटले की हे नेते दुसऱ्या पक्षाचे झाले. शिवाय अडविलेला मोर्चा तेथेच रस्त्यावर ठिय्या देतो. थांबविलेला पांगूही शकतो. आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच की ‘रोखणे’ अलीकडे ‘अडविणे’ची जागा बळकावीत आहे. यामागे हिंदीचा हात दिसतो. हिंदीत ‘रुकना–रोकना’ ही जोडी जवळजवळ सारे क्षेत्र व्यापते. ‘रास्ता रोको’ हा प्रयोग आपण सबंध उचलला आहे, आणि त्यात जे घडते त्याला मराठीत ‘रस्ता अडविणे’ म्हणतात. प्रमाण मराठीत ‘रोखणे’ला अकर्मक जोडीदार नव्हता, नागपूर–चंद्रपूरकडील बोलण्यात ‘रुकणे’ आले आणि ती जागा भरली. उसनवारीला हरकत असण्याचे कारण नाही. परंतु या उसनवारीने ‘अडविणे’ मागे पडले तर त्याच्याबरोबर ‘सोडणे’ची मागणीही मागे पडेल, हे नुकसान लहान नव्हे.

‘बंद करणे’विषयी थोडे सांगणे उरले. ‘बंद’ हा फारसीतून आलेला शब्द आणि ‘बांध’ हा संस्कृत ‘बन्ध’पासूनचा, मुळात दोघे एकाच कुळातले, फार पूर्वी वेगळे झालेले. धानाच्या मुलुखात शेताच्या तुकड्याला ‘बांधी’ म्हणतात आणि शासनाच्या आदेशाला ‘बंदी’. चुलत भावंडे एका तालुक्यात नांदत आहेत, पण त्यांची ओळख उरलेली नाही. ‘बंद करणे’ला जो कर्ता लागतो त्याच्या हाती ती क्रिया किंवा तिचे दार असावे लागते. आपले दुकान आपण बंद करतो. दुसऱ्याचे बंद करायचे तर अधिकार लागतो. आपण ज्या क्रियेचे धनी, तिलाच बंद म्हणता येते. ‘आवरणे’ हे याचे आतले रूप. हात, अश्रू, जीभ आवरतात, आणि ‘थोपविणे’ लाटेला व शत्रूला लागते. त्यांचा विस्तार येथे नको.

हा सारा विचार केवळ कोशापुरता नाही, हे वनहक्क अधिनियमाच्या (२००६) पाचव्या कलमावरून दिसते. त्या कलमाच्या शेवटच्या खंडानुसार सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियमन करणे आणि वन्यप्राणी, वन व जैवविविधता यांना बाधक अशी कोणतीही कृती ‘स्टॉप’ करणे, यांविषयी ग्रामसभेने घेतलेल्या निर्णयांचे पालन होईल, हे पाहावयाचे आहे. इंग्रजीत एक शब्द लिहून कायदा मोकळा झाला. मराठीत अनुवादकाला निवड करावी लागते, आणि प्रत्येक निवडीत ग्रामसभा निराळी उभी राहते. ‘थांबविणे’ म्हटले तर कृती तात्पुरती स्थगित झाली. उद्या ती पुन्हा सुरू व्हावयाची आहे, असा ध्वनी निघतो. ‘रोखणे’ म्हटले तर ग्रामसभा पहारेकरी झाली, बाहेरून येणाऱ्याकडे तोंड करून उभी. ‘अडविणे’ म्हटले तर तिने दुसऱ्या कोणाचे तरी काही धरून ठेवले, आणि ‘सोडा’ म्हणण्याचा अधिकार समोरच्याला मिळाला. ‘प्रतिबंध करणे’ हा कचेरीचा शब्द. तो होऊ घातलेल्याला लागतो, चालू असलेल्याला नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठीचे वाहतूक-पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते २०११ मध्ये. हक्क मान्य झाला, पण माल हलत नव्हता; मधल्या काळाच्या वर्णनाला ‘बांबू थांबला’ पुरत नाही, ‘बांबू अडला’ हेच म्हणावे लागते. आता चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण पाहावे. तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडण्याचे काम सोडून दिले, कारण त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. उत्पन्न गावाचे होते, तोडणारे हातही गावाचेच. या निर्णयासाठी ‘तेंदू तोडणे रोखले’ हे शब्द वापरले तर बाहेरचा कोणी तोडीत होता असे वाटेल. ‘थांबविले’ म्हटले तर पुढच्या हंगामाची वाट पाहिली जात आहे असे वाटेल. येथे शब्द एकच बसतो: गावाने तेंदू तोडणे बंद केले. कलमाच्या मराठी पाठात ‘बंद करणे’ हे क्रियापद घातले तर जी कृती बंद करावयाची तिच्या दाराची किल्ली ग्रामसभेच्या हाती आहे, हे वेगळे लिहावे लागत नाही. ते क्रियापदातच आलेले असते. बाहेरच्या कंत्राटदारासाठी मात्र तेवढ्याने भागणार नाही, आणि त्या अर्थासाठी ‘रोखणे’ शेजारी द्यावे लागेल. मूळ इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीतही एकच असावा, असा आग्रह अनुवादकाने धरण्याचे कारण नाही.